खोल पाण्याचं बी

बाइयान खोऱ्यात पाण्याला दोन नावं होती. धरणाच्या वरच्या झडपेतून यायचं ते उथळ पाणी आणि खालच्या झडपेतून यायचं ते खोल पाणी. उथळ पाणी दिवसभर उन्हात पडलेलं, कोमट; म्हशी त्यातून उठायला तयार नसत. खोल पाणी तळाचं. भर उन्हाळ्यात पाय घातला तरी पोटरीत कळ जायची. बायका त्यात कलिंगडं बुडवून ठेवत. धरण बांधलं तेव्हापासून लोक असंच बोलत आले होते, आणि धरण बांधलं तेव्हा मो तिंगशान कावडीतून दगड वाहणारा पोरगा होता.

पुढं तोच त्या झडपांचा राखणदार झाला आणि केस पांढरे होईपर्यंत राहिला. हे काम कुणी हौसेनं मागून घेत नाही. पाणी वाटणाऱ्याला गावात मित्र नसतात. ज्याला पाणी मिळतं तो म्हणतो उशिरा मिळालं, आणि ज्याला मिळत नाही तो थेट वाडवडिलांपर्यंत पोचतो. तिंगशान कुणाला उलटून बोलत नसे. खांद्यावर कुदळ, डोक्यावर बांबूची टोपी, ओठात विझलेली सिगारेट, असा तो बांधाबांधानं फिरायचा आणि शिव्या खायचा. उलटून बोलायचं काम त्याची बायको लानझी करायची, आणि दोघांच्या वाटचं करायची.

त्यांना एकच लेक, छ्यूलिंग. तिला खाली सपाटीवर दिलं होतं. तिकडं नजर पोचेल तिथवर खाचरं, आणि माणसाची किंमत त्याच्या भातावरून ठरायची. डोंगरातली सून म्हणजे त्यांच्या लेखी मिरच्या खाऊन वाढलेली रानटी पोर. सासरा पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "पोरगी चांगली आहे, पण हिच्या माहेरी भात पिकतं की दगड?" हे छ्यूलिंगनं आईला सांगितलं होतं, आईनं बापाला, आणि बापानं ते कुणालाच न सांगता पोटात ठेवलं होतं.

त्या काळात सगळ्या हुनानमध्ये संकरित भाताचा बोलबाला होता. शहरातल्या लोकांना त्याचं कौतुक विज्ञान म्हणून असेल. खोऱ्यात ते वेगळ्या कारणानं होतं. तिंगशानच्या लहानपणी एका वर्षी खोऱ्यानं झाडांच्या साली खाल्ल्या होत्या. त्याच्या धाकट्या बहिणीला त्या साली पचल्या नाहीत. ज्या पिढीनं ते पाहिलं, तिच्या दृष्टीनं एका रोपाला चार दाणे जास्त लागणं ही मान डोलवायची गोष्ट नव्हती, ती जिवाची गोष्ट होती. म्हणून जिल्ह्याच्या बियाणं केंद्रानं संकरित बी तयार करण्यासाठी बाइयान निवडलं, तेव्हा गावप्रमुख थान देशेंगनं फटाके लावले.

केंद्रानं शू नावाचा तंत्रज्ञ पाठवला. कोवळा पोरगा, गालांवर मुरमं, बुडाखाली फटफटी. सगळे त्याला शू मास्तर म्हणू लागले. त्यानं गावाला खळ्यावर बसवलं आणि समजावायला सुरुवात केली.

"भाताच्या एकाच फुलात नवराही असतो आणि बायकोही," तो म्हणाला. बायकांनी तोंडावर हात घेतले. "म्हणजे भात स्वतःशीच लग्न करतं. पोरं जशीच्या तशी निघतात, ना वर ना खाली. पण दोन वेगळ्या घराण्यांचा संकर केला, तर पोर दोघांहून दांडगं निघतं. फुटवे जास्त, लोंबी लांब, दाणा भरगच्च."

"मी तर तीन डोंगरांपलीकडून बायको केली," देशेंग म्हणाला. "मग माझी पोरं अशी किरटी का?"

"आईचं घराणं दुसरं होतं रे," लानझी म्हणाली, "पण बाप तूच होतास ना!"

खळं हसून लोळलं. शू मास्तर कानापर्यंत लाल झाला, पण त्यानं धागा सोडला नाही. मधल्या ओळींत असं वाण लावायचं, ज्याच्या फुलातला पराग उन्हाळ्यात मरून जातो. ती आई. दोन्ही बाजूंना उंच वाणाच्या ओळी, तो बाप. दुपारी फुलं उघडली की दोघांनी दोर ताणून बापाच्या शेंड्यांवरून ओढत न्यायचा, म्हणजे पराग आईवर पडेल. आईला जे दाणे लागतील ते संकराचं बी.

"आईत पराग करायचा गुणच नसतो का?" कुणीतरी विचारलं.

"असतो! ते जनुक तिच्या प्रत्येक पेशीत असतं. पण जनुक असणं वेगळं आणि ते कामाला लागणं वेगळं. आता लानझीमावशींना भांडता येतं, पण त्या झोपेत भांडत नाहीत."

"भांडते," तिंगशान म्हणाला. त्या वर्षात त्यानं चारचौघांत केलेला हा एकच विनोद.

"तसा तो गुण उबेत झोपलेला असतो," शू मास्तर हसू आवरून म्हणाला. "लोंबी खोडाच्या पोटात तयार होत असते ना, तेवढे थोडे दिवस जपायचे. त्या दिवसांत तेवीस-चोवीस अंशांखालचा गारठा लागला, की तो जागा होतो. मग आई आपल्याच परागानं फळते. आम्हाला केंद्रावर नुसतं आईचं बी वाढवायचं असतं तेव्हा आम्ही मुद्दाम गार पाणी देतो. पण इथं तसं झालं तर सगळं संपलं. ते बी पेरलं तर संकर उगवत नाही, आईच उगवते. बुटकी, आणि उन्हाळ्यात वांझ."

जगात सगळं उबेनं जागं होतं आणि हे एक थंडीनं, याचं तिंगशानला नवल वाटलं. बाकीचं त्याच्या डोक्यात अर्धंमुर्धंच राहिलं. त्याचं काम पाण्याचं होतं आणि ते आपल्याला येतं असं त्याला वाटायचं.

गावानं मन लावून काम केलं. बाहेरचा पराग उडून यायला नको म्हणून लोकांनी आपापली चिकट भाताची खाचरं उपटून टाकली. नव्या वर्षाच्या पिठाच्या वड्या, पितरांपुढचा भात, सगळं त्या खाचरांतून यायचं. म्हाताऱ्या रडल्या, पण देशेंगनं शब्द दिला होता म्हणून त्यांनी उपटलं. छ्यूलिंगनं सासरी सांगून टाकलं, की पुढच्या वर्षी माझ्या आबांच्या खोऱ्याचं बी येणार आहे.

आईच्या ओळी पोटरी धरू लागल्या, म्हणजे खोडांच्या पोटात लोंब्या तयार होऊ लागल्या, आणि पाऊस लागला. उन्हाळ्यातला नेहमीचा धबाबा पाऊस नव्हे. बारीक, चिकट, गार. डोंगर ढगात गेले. लोकांनी पेटीतले अंगरखे काढले. दुसऱ्या दिवशी दुपारी तिंगशान ओढ्याकाठी उभा असताना पलीकडच्या वाटेवर फटफटी थांबली. ओढा फुगला होता, शू मास्तरला अलीकडं येता येईना. त्यानं तोंडाभोवती हातांचा भोंगा केला.

"मामा! आजपासून खोल पाणी! गारठा सरेपर्यंत खोल पाणी!"

"खोल?" तिंगशाननं ओरडून विचारलं.

"खोल! खोल! सगळ्या आयांना!"

आणि फटफटी पुढच्या खोऱ्याकडं गेली. त्या पोराला एकट्याला तीन खोरी सांभाळायची होती.

तिंगशान धरणाच्या वाटेला लागला तेव्हा लानझी परड्यात आलं खणत होती.

"कुठं निघालास, म्हाताऱ्या?"

"खोल पाणी सोडायला. मास्तर म्हणाला."

"आधीच दात वाजतायत, त्यात खोल पाणी? त्या पोराला ताप आला असेल."

"त्याला कळतं की तुला? केंद्रावरसुद्धा आईला गार पाणीच देतात, त्या दिवशी सांगत होता."

आयुष्यभर ज्याला लोकांनी पाण्यावरून बोल लावले, त्याला शिकलेल्या माणसानं स्पष्ट हुकूम दिला होता, आणि त्यानं तो विचारून पक्काही केला होता. त्यानं खालच्या झडपेचं चाक फिरवलं. तळाचं पाणी पाटातून काळसर धावत निघालं. गारठा सरेपर्यंत तो रोज बांधाबांधानं फिरला, कुठं फट पडली तर चिखल थापला, एकही खाचर कोरडं राहू दिलं नाही. इतकं इमानानं त्यानं कधी पाणी दिलं नसेल. रस्त्याकडची वरची खाचरं तेवढी पाटावर नव्हती. त्यांना वेगळ्या गावतळ्याचं कोमट पाणी होतं.

ऊन पडलं, दिवस गेले, भात निसवलं. पहिल्या फुलांच्या दुपारी शू मास्तर आला. रस्त्यालगतच्या वरच्या खाचरांत उतरला, आईची फुलं भिंगाखाली धरून बघितली आणि उड्या मारतच बांधावर आला.

"पराग मेलेला आहे! मामा, तुम्ही वाचवलंत. पलीकडच्या खोऱ्यात लोकांनी पाणी इतकं उथळ ठेवलं, की लोंब्या पोटातच गारठल्या. तुम्ही खोल ठेवलंत ना? इथवर?"

त्यानं वाकून घोट्याच्या वर वीतभर हात धरला. तिंगशान त्या हाताकडं बघत राहिला.

"वरच्या झडपेचं कोमट पाणी, लोंबीच्या पोटापर्यंत उभं," शू मास्तर देशेंगला समजावत होता. "पाण्याचंच पांघरूण. बाहेर कितीही गारठा असो."

मास्तरचं खोल म्हणजे खाचरात भरून उभं, खालच्या झडपेचं नव्हे, हे तिंगशानला तेव्हा कळलं. त्यानं तोंड उघडलं, पण देशेंगनं त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की ओठातली सिगारेट खाली पडली. ती उचलून तो उभा राहीपर्यंत फटफटीला किक बसली होती.

तो खालच्या खाचरांकडं जवळजवळ पळत गेला. लानझी आणि शेजारीण दोराची दोन टोकं धरून बांधांवरून चालल्या होत्या. दोर बापाच्या शेंड्यांना लागला की पिवळी धूळ उठत होती. ती उठायलाच हवी होती. पण दोर पुढं सरकून आईच्या ओळींना घासला, तिथूनही धूळ उठली. तिंगशान चिखलात उतरला. आईची एक लोंबी त्यानं तळहातावर घेतली. फुलांतून लोंबणाऱ्या बारीक पिशव्या पांढऱ्या, सुकलेल्या हव्या होत्या. त्या टचटचीत पिवळ्या होत्या. त्यानं नख लावलं तर अंगठ्याला पीठ लागलं. दुसरी लोंबी घेतली, तिसरी घेतली. पुढच्या खाचरात गेला. मग त्याच्या पुढच्या. पाट जिथवर गेला होता तिथवर सगळ्या आया जाग्या झाल्या होत्या.

"काय हरवलं रे?" लानझीनं बांधावरून विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला.

संध्याकाळ व्हायच्या आत त्यानं देशेंगला गाठलं. दोघं एका वयाचे, एकाच वर्षी साली खाल्लेले. तिंगशाननं सांगितलं, अंगठा दाखवला. देशेंगनं तो अंगठा आपल्या मुठीत झाकला.

"अजून कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही."

"मग मलाही सांगितलं नाहीस."

"देशेंग, ते बी—"

"ऐक. तपासणीचा नमुना मी वरच्या खाचरांतला देईन. हिवाळ्यात ते दक्षिणेला, उबदार हैनान बेटावर लावून बघतील, चांगलंच उगवेल."

"आणि खालचं?"

"पोत्यात गेल्यावर वरचं काय आणि खालचं काय!" देशेंग ओरडला आणि लगेच इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "माझ्या शब्दावर बायकांनी पितरांचं भात उपटलं, तिंगशान. त्यांना काय सांगू? की तो बोलला एक आणि तू ऐकलंस एक? केंद्र पुन्हा ह्या खोऱ्यात पाऊल ठेवणार नाही. आणि त्या पोराचं काय होईल? तो खोल म्हणाला, तू खोल सोडलंस. कुणाची चूक काढशील?"

चूक कुणाची हे तिंगशानला अजूनही धड सांगता आलं नसतं. एवढंच कळत होतं, की दोघांनीही नेमकं बोलून, नेमकं ऐकून हे झालं होतं.

आणि मग भात भरलं. आईच्या ओळींना नेहमी निम्म्याहून कमी दाणे लागतात, बाकी पोचट राहतात. दोर ओढून असा किती पराग पोचणार? इथं लोंब्या वाकून पाण्याला टेकल्या. शेजारच्या वाड्यांतून लोक बघायला आले. ज्यांनी आयुष्यभर तिंगशानला शिव्या दिल्या ते वाटेत थांबवून त्याला सिगारेट देऊ लागले. "लाओ मोच्या पाण्याला काहीतरी गुण आहे," असं, नावाआधी मानाचं लाओ लावून, म्हणू लागले. एका म्हातारीनं तर त्याचा हात धरून आपल्या कपाळाला लावला. ही तीच म्हातारी, जिनं चिकट भात उपटताना मोठ्यानं गळा काढला होता. तिंगशाननं हात असा ओढून घेतला, की ती घाबरली.

त्याचं जेवण तुटलं. लानझीनं आल्याचा काढा दिला, मिरच्या घालून माशाचा रस्सा केला, शेवटी शिव्या देऊन बघितल्या. तो वाडगा पुढं घेऊन बसायचा आणि भाताकडं बघायचा. त्याला पुढच्या वर्षीची सपाटी दिसायची. भरलेली लोंबी मान खाली घालते; पोचट लोंबी ताठ उभी राहते. सबंध रानभर ताठ उभ्या लोंब्या, आणि बांधावर माणसं उभी, काय झालं ते न कळलेली. किड्यानं खाल्लं म्हणावं तर किडा नाही. पाणी कमी पडलं म्हणावं तर खाचरं भरलेली.

खाचरांच्या टोकाला भूमिदेवाचं दगडी देऊळ होतं, गुडघ्याएवढं. तिंगशान तिथं रोज उदबत्ती लावू लागला. लोकांना वाटलं, चांगल्या पिकाबद्दल हात जोडतोय. तो मागत काय होता ते कुणाला कळलं असतं, तर त्याला धरणात बुडवला असता. तो गारा मागत होता. वादळ मागत होता. तुडतुडे मागत होता, टोळ मागत होता, ओढ्याला पूर मागत होता, जे काही देवाच्या हाताशी असेल ते. फक्त हे भात उभं राहू नये आणि माझं तोंड उघडायची वेळ येऊ नये. शेतकऱ्यानं असं मागणं याहून मोठं पाप खोऱ्यात ठाऊक नव्हतं. देवानं त्याचं एक ऐकलं नाही. इतकी स्वच्छ, कोरडी, सोन्यासारखी हवा खोऱ्यानं कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती.

कापणी झाली, झोडपणी झाली. शरदाच्या पौर्णिमेचा सण आला आणि छ्यूलिंग माहेरी आली. पाठीवर तान्ही पोर, हातात गोड पुऱ्यांचा डबा. आईला भेटली आणि बापाला शोधत पाटावर आली. तिंगशान उगाचच तिथला गाळ काढत बसला होता.

"आबा, किती वाळलास! आई म्हणते जेवत नाहीस."

"म्हातारा झालो."

"काल झालास का?" ती त्याच्या शेजारी बसली, पोरीला मांडीवर घेतलं. "ऐक तरी. सासऱ्यांनी ह्या बियाण्यासाठी नाव नोंदवलं. म्हणाले, सुनेच्या माहेरचं आहे, बघायचं काय त्यात. त्यांचं बघून अख्ख्या वाडीनं नोंदवलं. आबा, त्या घरात परवा पहिल्यांदा सासूनं बदकाची तंगडी माझ्या वाडग्यात घातली. नाहीतर मानेचा तुकडा माझा ठरलेला."

ती हसली. तिंगशाननं कुदळ खाली ठेवली.

"छ्यूलिंग, तुम्ही हे बी लावू नका."

"का?"

तो हातानंच पाटातला गाळ उपसू लागला.

"अजून एक वर्ष जुनं वाण लावा. सासऱ्यांना काहीतरी सांग."

ती पाणी वाटणाऱ्याची लेक होती. तिनं पाटाकडं बघितलं, मग बापाकडं. "पाण्याचं काही झालं का?"

मग त्यानं सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही. महिनाभर छातीवर धोंडा होता, पण तोंडातून काढला तर चार वाक्यांचा निघाला. छ्यूलिंग ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू जायला थोडा वेळ लागला, जणू त्याला कुठं जायचं ते कळत नव्हतं. पोर तिच्या वेणीचं टोक तोंडात घालत होती, ते तिनं काढलं नाही.

"देशेंगकाकांना माहिती आहे?"

"आहे."

"आईला?"

"नाही."

"मी नाही लावलं, तर वाडी विचारणार," ती हळू म्हणाली. "बापाच्या गावचं बी, आणि लेकच लावत नाही? मग शोधत शोधत इथवर येतील. तुझ्यापर्यंत."

"मग काय करतेस?"

"मग मी लावते."

"अगं वेडे, पोचट उभं राहील सगळं!"

"राहू दे. एक वर्ष काढू. रताळी लावीन परड्यात. सासरे बोलतील ते ऐकून घेईन, सवय आहे मला. मानेचा तुकडा खाऊन मेलं नाही कुणी. पण ह्या वयात तुला खळ्यावर उभं करून गावानं थुंकावं, ते मला नाही बघवणार."

"आणि बाकीची वाडी?"

खाली बघून ती पोरीचं टोपडं नीट करत राहिली, पुन्हा पुन्हा, नीट असलेलंच. तिंगशान तिचे हात बघत होता. ही पोर आपल्यासाठी मुकाट खोटं बोलायला निघाली होती, सबंध वाडी उपाशी ठेवून, आणि हे तिला त्यानंच आता, ह्या पाटावर बसून शिकवलं होतं. साली न पचलेली बहीण त्याला आठवली. तिच्यासाठी त्या वर्षी काहीही करता आलं नव्हतं, कारण तेव्हा कुणाच्याच हातात काही नव्हतं.

तो उठला.

"आबा, कुठं?"

"बस तू इथं. पोरीला ऊन लागतंय, सावलीत बस."

खळ्यावर सगळं गाव होतं. वाळलेलं बी चटयांवर पसरलं होतं, बायका सुपानं पाखडत होत्या, पुरुष पोत्यांची तोंडं शिवत होते. केंद्राची गाडी दुसऱ्या दिवशी यायची होती. कोंबड्या सारख्या आत घुसत होत्या आणि सगळे मिळून त्यांना हाकलत होते, कारण ते बी होतं, ते सांडून चालणार नव्हतं. तिंगशान मधोमध जाऊन उभा राहिला. देशेंगनं त्याचा चेहरा बघितला आणि हातातली सुई टाकली.

"लाओ मो, चल, घरी चल. तुला ताप आहे."

"हे बी खोटं आहे," तिंगशान म्हणाला. कोंबड्यांच्या कालव्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून त्यानं पुन्हा म्हटलं. "खालच्या खाचरांचं सगळं बी खोटं आहे. गारठ्यात मी खालची झडप उघडली. लोंब्यांना थंडी लागली आणि आई आपली आपणच फळली. ह्यात संकर नाही. हे पेरलं तर पुढच्या वर्षी लोकांच्या रानात नुसत्या पोचट लोंब्या उभ्या राहतील."

"ताप आहे त्याला!" देशेंग ओरडला.

"इतकं भरलेलं भात खोटं?" एकानं पुढं येऊन मूठभर दाणे तिंगशानच्या नाकासमोर धरले. "डोळे आहेत का? असं बी कधी पाहिलंस?"

"नाही पाहिलं. म्हणूनच. बापाच्या परागानं एवढे दाणे लागत नसतात. माझं चुकलं. दुसऱ्या कुणाचं नाही, माझं."

मग एकदम सगळे बोलू लागले. कुणी त्याच्या बापाला शिवी दिली, कुणी आजाला. ती म्हातारी मटकन खाली बसली आणि पितरांची नावं घेऊ लागली. ज्यानं काल सिगारेट दिली होती त्यानं पायातला बूट काढून फेकला. तो तिंगशानच्या खांद्याला लागून पडला. तिंगशान जागचा हलला नाही. हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं, कुदळ पाटावरच राहिली होती.

लानझी खळ्याच्या कडेला सूप घेऊन उभी होती. इतक्या लोकांनी तिच्या नवऱ्याला इतकं बोलावं आणि तिनं गप्प राहावं, असं आजवर कधी झालं नव्हतं. लोकांनाही ते जाणवलं. एकेक करून ते थांबले आणि तिच्याकडं बघू लागले, ती आता काय बोलते म्हणून. ती नवऱ्याकडं बघत होती, महिनाभर न जेवलेल्या त्या हाडांच्या सापळ्याकडं.

"मेल्या," ती म्हणाली, "एकट्यानं गिळून बसलास होय रे एवढं?"

मग तिनं सूप उलटं केलं. बी जमिनीवर सांडलं. कोंबड्या धावत आल्या आणि टिपू लागल्या, आणि ह्या खेपेला त्यांना कुणी हाकललं नाही.